दंडाची पावती

व्हिटबीहून दंडाची पावती आली,
तुझ्या नावावर, आपल्या पत्त्यावर.
कॅमेऱ्यानं काढलेला फोटो: रविवार, दुपारी दोन चौदा,
आपली निळी गाडी, काचेवर समुद्राचं ऊन
आणि शेजारच्या सीटवर पिवळा रेनकोट.
माझ्याकडे पिवळा रेनकोट नाही.

त्या रविवारी तू लीड्समध्येच होतास, हॉस्पिटलात, ड्यूटीवर.
मी वरणभात झाकून ठेवला होता.
भूक नाही म्हणालास,
मागच्या दारात बूट झटकलेस.
ती वाळू मीच झाडली, निषाद,
वाळू आहे हे न बघता.

फ्रीजवर, चुंबकाखाली, घराच्या कर्जाचे कागद.
सहीच्या जागी पेन्सिलची फुली.
"पंचवीस वर्षं! म्हणजे मी साठीचा होईन,"
जणू सही केली नाहीस तर होणार नव्हतास.
आई फोनवर म्हणते, घर पाहावं बांधून.
पुढचं अर्धं गिळते, माझ्यासाठी.

रोज तू येतोस. किल्ली असून बेल वाजवतोस,
पाहुण्यासारखा.
काय बोलायचं ते मी बसमध्ये घोकून आलेली असते,
आणि दार उघडल्यावर विचारते, चहा टाकू?

काल रात्री कागद खाली काढले,
तुझ्यासमोर आपटायचे म्हणून.
तर खाली आणखी एक फुली.
माझ्या नावापुढे.
तिथंही कोरंच.
कितीदा तरी पेन हातात होतं माझ्या,
वाणसामानाची यादी लिहायला.

चौदा दिवसांत भरला तर दंड निम्मा,
असं पावतीवर छापलंय.
ती माझ्या मोज्यांच्या खणात आहे.
आज अकरावा.