सहलीचा अहवाल

दिनांक लिहिला. ठिकाण लिहिलं:
बामणोदच्या पुढे, मोर नदीच्या अलीकडे,
सुपडू अण्णांचं शेत.
विद्यार्थी एकोणतीस, शिक्षक मी एक,
वाहन: झोप्यांचा केळी वाहायचा टेम्पो,
उद्देश: परदेशी वन्यजीवांची ओळख.

इथवर जमलं.

पुस्तकात कांगारूला अख्खं पान होतं,
एमूला चौकटीत एकच ओळ:
उडता न येणारा मोठा पक्षी.
तो आपल्या तालुक्यात आहे म्हटल्यावर
वर्ग असा उठला
की खडूची डबी खाली पडली.

"वीस आनले व्हते," अण्णा फाटक उघडत म्हणाले,
"कंपनीवाला म्हने, तेल औषधाले जाईन,
पिसं फॅशनले जातीन.
मंग कंपनीच गेली."
हे त्यांनी असं सांगितलं
जसं चहा न घेता उठून गेलेल्या
पाहुण्याबद्दल सांगावं.
काही मेले, काही वाटले,
दोन एका रात्री तारा वाकवून
सातपुड्याच्या दिशेनं गेले.
"हा गेला नाही. राहू दे म्हटलं."

बांधावर निलगिरीची रांग,
खाली सोललेल्या सालींचा कचरा.
मी म्हणालो, ही झाडंही तिकडचीच.
दिलदार तडवी म्हणाला,
"गुर्जी, मंग हे दोघं एका गावचे?"
मी होय म्हणालो.
भूगोलात याला अर्धा गुण तरी मिळावा.

एमू बसला होता.
पेंढीसारखा, विस्कटलेला, मान सरळ.
पेरू फेकले, मका फेकला,
कुणी वर्गातली प्रार्थनासुद्धा म्हणून पाहिली.
उठला नाही.
"मेला वाट्टे," कुणीतरी म्हणालं,
तेव्हा त्यानं एक डोळा मिटला
आणि बऱ्याच वेळानं उघडला.

अण्णांनी काठीनं पिसं बाजूला केली.
पोटाखाली वांगं.
भरताचं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं, देठासकट.

टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा खाली बसून हसला.
मुलं एकमेकांवर पडली.
मी हसलो, चष्मा पुसला, पुन्हा हसलो.

"अंडं हिरवंच राह्यते याचं," अण्णा म्हणाले.
"मादी दोन सालं झाली, गेली.
थंडी पडली का हा काहीबी धरून बसते.
मांगच्या साली डांगर व्हतं.
खात नाही, पीत नाही, पन्नास-पंचावन दिवस."
"बाप उबवतो?"
"बापच."

मोहिनी नेहेते वर्गात कधी हात वर करत नाही.
तिनं हात वर केला.
"आन वांगं सडलं का?"

अण्णा जरा थांबले,
कानामागची विडी काढली, परत ठेवली.
"रातच्याले बदलून ठेवतो."
मग घाईघाईनं:
"शेतातलंच असते. इकत आनत नाही."

दुपारी जेवण त्यांच्याकडेच होतं.
पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी,
कांद्याची पात, तेलाची धार.
पंगत बसली.
पहिला घास कुणी घेईना.
दिलदारनं घेतला, इकडेतिकडे पाहिलं,
म्हणाला, "तिखट मस्त आहे,"
आणि मग सगळे जेवले,
मोहिनीनंही दोनदा मागून घेतलं.

येताना मुलांनी निलगिरीची पानं चुरून
हात नाकाशी धरले होते.
कुणी म्हणालं, सर्दीच्या मलमाचा वास येतो.
मी सांगितलं, तिकडे आत्ता कडक उन्हाळा आहे.
"मंग त्याले थंडी कोनची लागते?"
आपली, मी म्हणालो. इथलीच.
टेम्पो खड्ड्यातून गेला
आणि पुढचा प्रश्न राहून गेला.

फलनिष्पत्तीचा रकाना दोन बोटं रुंद आहे.
लिहिलं: एमू उडत नाही.
सही केली.
खर्चाच्या पावत्या जोडल्या.
वांग्याची पावती नाही.