पाचवी तार

रेवानं ती घरात आणली तेव्हा मला वाटलं
बंदुकीची पेटी आहे.
जेलरोडवर अर्धा दिवस घासाघीस करून
बावीस हजारांना, कुणा चौकसेची वापरलेली,
तव्याच्या बुडासारखी काळी, चकाकी नाही,
पाठीत नऊ व्होल्टची बॅटरी.
उचलून पाहिली. पोतं.
"काका, मेटलला अशीच लागते," ती ओरडली
(माझ्याशी सगळे ओरडूनच बोलतात),
"पाच तारा! ही शेवटची बघा."
शेवटची तार सायकलच्या ब्रेकच्या वायरएवढी.
बोटानं दाबली तर बोटावर नक्षी उठली.

माझे कान साचाखात्यात गेले.
अठरा वर्षं, एका छपराखाली दोनशे माग.
आम्ही ओठ वाचायचो,
शिव्यासुद्धा हातवाऱ्यांनी द्यायचो.
धागा तुटला की आधी पायाला कळायचं,
डोळा मागून पोचायचा.
मिल बंद झाली त्या दिवशी फाटकाबाहेर
इतकं गप्प होतं की वाटलं,
शहरालाच सुटी आहे.
सुटी नव्हती.
डॉक्टर म्हणाला, वरचं सगळं गेलंय,
चिमण्या, कुकरची शिट्टी, बायकांच्या बोलण्यातले स आणि श.
खालचं थोडं शिल्लक आहे.
खालचं म्हणजे काय हो, मी विचारलं.
त्यानं मशीन लिहून दिलं.

खालचं म्हणजे हे.

संध्याकाळी ती मधल्या खोलीत बसते.
मी मशीन काढून ताकाच्या पेल्याशेजारी ठेवतो,
चपला काढतो.
आधी फरशी. मग टाच, नडगी, गुडघा,
बरगड्यांच्या आत काहीतरी कूस बदलतं,
आणि शेवटी कवळी वाजते.
फडताळात वाट्या एकमेकींना खेटून थरथरतात,
ते मला नुसतं दिसतं.
बायको म्हणते, म्हैस हंबरतेय.
म्हणत असेल. तिच्यात श नाही,
नीट वाचता येतं.

रविवारी भंवरकुआँच्या मागे, कोचिंग क्लासच्या तळघरात
त्यांचा कार्यक्रम होता.
बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणाचं तरी
अर्धवट गणित.
काळ्या शर्टांतली पोरं माना झटकत होती,
गाणारा गुळणी केल्यासारखा तोंड वासत होता,
ढोल बडवणाऱ्या यशचा घाम झांजांवर उडत होता.
रेवा मात्र हलत नव्हती.
गिटार मांडीपर्यंत खाली, मान खाली,
दोन बोटं चालतात तशी चालत होती,
एक, दुसरं, एक, दुसरं,
रात्रपाळीचा माणूस घरी निघाल्यासारखी.
मी स्पीकरच्या खोक्यावर दोन्ही तळवे टेकून उभा.
एका पोरानं मला पाणी आणून दिलं.
त्याला वाटलं चक्कर आली.

परतताना नवलख्याच्या सिग्नलला
तिनं हेल्मेटची काच वर केली.
स्कूटीच्या आरशात लाल उजेडात तिचे ओठ:
कसं झालं?

मी म्हणालो, तिसऱ्या गाण्यात
सगळे एकदम थांबता ना, तिथून उचलताना
एक धागा सुटला.

ती आरशात बघत राहिली.
कुणालाच नाही कळलं, म्हणाली. यशलापण नाही.

पायाला कळलं, मी म्हणालो.

सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत असणार,
कारण तिनं दचकून गाडी काढली,
आणि त्यानंतर ती जे काही बोलली
ते आरसा हलत असल्यामुळे
मला वाचता आलं नाही.