लिंब फाटा

माझा तारा फुटत नाही.

सूर्याच्या पंधरापट. पुण्याच्या क्लस्टरवर
तीन महिने रात्रंदिवस चालतोय,
आणि त्याच्या आयुष्यातले सरलेत
सेकंदाचे दोन दशांश.
लोखंडाचा गाभा कोसळतो, आपटतो, उसळतो,
लाट बाहेर निघते
आणि दीडशे किलोमीटरवर थांबते.
थांबते म्हणजे थांबतेच.
मिरजेतून सुटलेली एसटी
सातारा सोडून लिंब फाट्याला बंद पडावी, तशी.
वरून कोसळणारा ऑक्सिजन
तिच्या टपावर पडत राहतो.

खाली दुकानात दस्तगीरचाचा
तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले.
कानस, फुंकर, तार छेडायची,
मान हलवायची : नाही.
पुन्हा कानस.
मी चहाला उतरले की विचारतात,
"उडाला का गं तुझा बार?"
"नाही चाचा. लिंब फाटा."
"हात्तिच्या."

एकदा त्यांना पडद्यावर दाखवला,
रंग भरलेला, पोटातून कापलेला तारा.
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
"लई गोल केलायस," म्हणाले,
"एवढा गोल भोपळा मी तर घेणार नाही."
मागे वाशाला टांगलेले दहा-बारा भोपळे.
एकाची मान वाकडी, एकाचं बूड बसकं,
एकाला वेलावर असताना दगड टेकलेला,
त्याचा खळगा तसाच.
त्यावर टिचकी मारली. "ऐक."

मी काही बोलले नाही.
वर जाऊन सुरुवातीची फाइल उघडली.
कोसळण्याआधी ऑक्सिजनच्या थरात उकळी असते,
उतू जाण्याआधी दूध हलतं तशी.
हे मला माहीत होतं.
मीच ती पुसली होती,
गणित सुटसुटीत राहावं म्हणून.

उकळी परत घातली.
मग अडीच महिने. सांगलीत हळदीचे सौदे
सुरू झाले, उरकत आले.

आज पहाटे साडेचारला लॉग वाचतेय :
एकशे साठ. एकशे नव्वद. दोनशे चाळीस.
एका अंगाला जास्त, वेडीविद्री,
न्यूट्रिनोंच्या शेकाने फुगत
खंबाटकी गेली, कात्रज गेला,
आता मोजायला गावं पुरेनात.

चपला न घालता जिना उतरले.
दुकानात दिवा होता. चाचा
तारेला कान लावून, तिच्याखालचा सुती दोरा
केसभर पुढे, केसभर मागे.
मला बघून नुसतं बोट वर केलं :
थांब.

पायरीवर बसले.
पायरी गार होती.