स्क्रीन जड चालते

तक्रारीच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं.
मस्कतहून कुरियात, तासभराचा रस्ता,
डोंगर असे तापलेले की भाकरी टाकली तर फुगेल.

सालिम बिन हमूद, निवृत्त हेडमास्तर.
खडू धरल्यासारखं बोट पुढे करून
मोडक्या हिंदीत म्हणाले, बघ,
एसी लाव म्हटलं की ही आधी विचार करते.
दाबलं.
एक. दोन. तीन.
मग कुठं वारा आला,
शेवटच्या बाकावरून उत्तर यावं तसा.

मी नेहमीचं सगळं केलं.
स्टीअरिंगवरची दोन्ही बटणं दाबून धरली:
स्क्रीन काळी, कंपनीचं चिन्ह, पुन्हा तेच.
उन्हाचं असेल म्हणून काचेवर ओला टॉवेल.
अपडेट पाहिलं, जुने नकाशे पुसले,
गाडी घेऊन देणाऱ्या मुलाचा फोन अजून यादीत होता,
तो विचारून काढला.
आग रामेश्वरी न् बंब सोमेश्वरी.

शेवटी डॅशबोर्डच्या खणात पेनड्राइव्ह सापडला,
चटका बसेल इतका गरम.
पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांचं सगळं त्यात.
लॅपटॉपला लावला.
चार हजार एकशे बारा क्लिपा.
पहिली उघडली, शेळी.
दुसरी, शेळी.
मधेच एक मांजर, मग शेळीच.

काळी, एक कान फाटका.
दुपारची नमाज आटोपली की येते,
गाडीखालच्या सावलीत शिरते,
बंपरला पाठ घासते,
आणि दर वेळी गाडी दचकून उठते,
सगळे डोळे उघडून लिहून घेते:
कुणीतरी आलंय, कुणीतरी आलंय.
झोपच नाही बिचारीला.
जड होईल नाहीतर काय.

मास्तर माझ्या खांद्यावरून बघत होते.
म्हणाले, ही शेजारच्या झुवैनाची.
मागची लाव. अजून मागची. आता परवाची.
पोट बघ. गाभण आहे.
मला तर माहीतच नव्हतं.

सगळं पुसू?
जरा थांबून म्हणाले, एक ठेव.
कुठली?
कुठलीही.

घरी असताना पहारा बंद, अशी खूण केली.
आता दाबा, म्हटलं.
बोट उचलायच्या आत गार झुळूक.
पण बोट तसंच हवेत,
ओठ हलत होते,
एक. दोन.

गाडीखाली कुणीतरी कूस बदलली.
गाडीनं काही लिहून घेतलं नाही.