हाडातून

माझगावला, गोदीच्या भिंतीला पाठ लावून
एफ्राईम पेणकरांचं गॅरेज. शनिवारी बंद, रविवारी उघडं.
आत दोन गाड्या मावतात आणि एक स्टूल.
आज दोन्ही क्रूझर : एक दोन हजार पाचची, एक एकवीसची.
दोन्हींची सीट इतकी खाली, की माझे पाय टेकतात.
मी आधी तेवढंच पाहिलं.

"किंमत नंतर. आधी इंजिनाला हात लावा," पेणकर म्हणाले,
"गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवतो
तो माणूस काहीतरी झाकतो."
दोन्हींवर तळहात ठेवला. दोन्ही थंड.

जुनी बटणाला उठेना.
"स्प्रॅग गेलाय," त्यांनी सांगितलं,
शेजारचे गावाला गेलेत म्हणावं तसं.
तिसऱ्या किकला उठली ती सगळा संसार घेऊन :
खालून धप्प, वरून टकटक, चेनच्या बाजूने कसलंसं पुटपुटणं,
आणि जमिनीवर तेलाचा एक थेंब, मग दुसरा.

चोवीस वर्षं मी पालिकेच्या रुग्णालयात
काचेच्या खोलीत माणसं बसवते,
हेडफोनमधून बारीक शिट्ट्या ऐकवते,
ऐकू आली की बोट वर करा म्हणते.
"एक टॅपेट सैल आहे," मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला.
नेमकं तिथे, जिथे मी ट्यूनिंग फोर्क टेकवते.
"एक्झॉस्टचं," ते म्हणाले.
बंद करून, निववून, झाकण काढून दाखवलं :
पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.
हा हलत होता. दोन पाने, दहा मिनिटं.
"हिचं सगळं हाताला लागतं. अन् सारखं लागत राहतं."

नवी एका बोटाला उठली.
कॅम वरच, पोटात बॅलन्सर, कार्बोरेटर नाहीच.
आवाज सुरेख, सगळीकडून सारखा.
त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला. बराच वेळ उभे.
"काही नाही."
म्हणजे चांगली?
"म्हणजे मला काही नाही. ही दुखलं तर सांगत नाही,
दिवा लावते. तो दिवा वाचायचं मशीन
भाच्याकडे, कुर्ल्याला."

गुरुवारी मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. फुकट.
पन्नास वर्षांची सायलेन्सरं त्या आलेखात होती :
चार हजारावर दरी, डावीकडे जास्त खोल.
हाडातूनही तेवढंच कमी. नस गेली
की हाड मदत करत नाही, हे मला शिकवलंय,
मीही पोरींना शिकवते.
मग रविवारी त्यांनी एक्झॉस्ट कशावरून म्हटलं?
विचारलं नाही. औषध नाही, इअरप्लग वापरा, एवढंच सांगितलं.
ते हसले. "आता?"

घेतली नवी.
कारण मोठं नाही. जुनी वडाळ्यापर्यंत चालवून पाहिली
आणि उतरल्यावर बोटांना मुंग्या;
सोमवारी त्याच बोटांनी डायल फिरवायची असते.
शिवाय पंधरा वर्षं उलटलेली,
आरटीओत पुन्हा नोंदणी, ती दमछाक.
जास्तीचे पंचाऐंशी हजार मोजले.
जुनीची किल्ली त्यांनी खिळ्याला परत अडकवली,
तिच्याकडे न पाहता.

महिन्यातून एकदा जाते. बिघाड काहीच नसतो.
ते मेन स्टँडवर घेतात, पहिला गिअर टाकतात,
मागचं चाक हवेत फिरतं. टोक इंजिनाला, मूठ हाडाला,
डोळे मिटलेले. "काही नाही."
मी चहाचे देते. आणि निघते.

परवा त्यांनी डोळे न उघडता
बोट वर केलं.
मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.
"चेन," म्हणाले, "एक कडी अडकतेय."
मी वाकून बघत राहिले,
तेल सुकलेली ती कडी स्प्रॉकेटवरून
वळायला खळखळ करत
पुन्हा येईपर्यंत.