जिभेच्या मुळाशी

मंगळवेढ्याच्या पुढं, मरवड्याच्या शिवारात
ज्वारी पोटरीत आलीय.
लशीच्या पेटीतला बर्फ अर्धा पाणी झालाय
आणि मायव्वा विचारते,
"मुलाणीबाई, सुई कुठाय?"

सुई नाही या खेपेला.
बिनसुईची पिचकारी. तोंडातनं द्यायचं,
चालतंय का बघायचं.

"मग पाजायचं म्हणा की.
आमचा सासरा पाजायचा बांबूच्या नळ्यानं,
हिंग, ताक, घावंल ते."

तसंच. फक्त यात जीव आहे, मायव्वा.
मारलेला नाही,
नुसता दमवलेला जंतू.

"दमवलेला."
ती शब्द चघळते.
"म्हंजे आमच्या मालकावानी."

कालवड सहा महिन्यांची,
शिंगांच्या जागी दोन बटनं.
कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे
मी मोठ्यानं वाचते,
बिरू माझ्यामागं म्हणतो, पाढा असल्यासारखे.

पलीकडं दावणीला कोशी. रवंथ करतेय.
गेल्या साली सातव्यात टाकलं तिनं.
जार अडकला, रात्र, लाईट नाही,
मायव्वानं बांगड्या मागं सारल्या
आणि कोपरापर्यंत हात घातला.
नुसता हात.

मग तीन महिने दिवेलागणीला ताप,
पहाटे घामानं भिजलेली वाकळ,
गुडघे, कंबर, परत ताप.
मंगळवेढ्यात टायफॉईड म्हणाले,
सोलापुरात आणखी काय काय,
शेवटी रक्तानंच गाईचं नाव सांगितलं.

मला ठाऊक आहे तो ताप.
बोराळ्यात एका कालवडीनं मान झटकली होती
आणि सुई माझ्या अंगठ्यात.
अजून दिवस मावळला की
माझा हात आपोआप कपाळावर जातो.

"कोशीला दे की थोडं."
नाही देता येत.
चार ते आठ महिन्यांची कालवड, तिलाच, एकदाच.
"तिची वेळ गेली म्हण."
मी पिचकारीत औषध ओढत राहते.

मायव्वा जबडा धरते,
दोन बोटं बरोबर दात नसलेल्या जागी.
मी जिभेच्या मुळाशी सोडते.
कालवड गिळते, थांबते,
विचार केल्यासारखी खोकते,
आणि निम्मं मायव्वाच्या मनगटावर.

हात! हात धू आधी! साबण!

ती हसते.
"मला झालाय की एकदा. आता लागू पडंल मलाबी."
ही माणसाची नाही.
"मग माणसाची कंची?"
कुठलीच नाही अजून.
दूध उकळायचं. मोजे घालायचे.
"एवढंच व्हय."
एवढंच.

ती कोपरापर्यंत साबण लावते,
भाकरीला बसायच्या आधी लावावा तसा, सावकाश.

कागदावर दोनच रकाने,
दिली, नाही दिली.
मी पहिल्यात खूण करते
आणि शेजारी पेन्सिलीनं, बारीक: सांडली थोडी.

निघताना चपला घालते तर
देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी,
मी गेल्या साली दिलेला हातमोज्यांचा जोड,
कागदासकट.
"ठेवलेत की जपून," मायव्वा म्हणते.
"कोशी गाभण राहिली की काढीन."