ही इज

मंगळवारी दुपारी हडर्सफील्डच्या लायब्ररीत
रेडिएटरजवळची खुर्ची मी धरून ठेवते.
मिसेस बूथरॉइड फळ्यावर काढतात
अ आणि द.
ओळख नसली तर अ, ओळख झाली की द.
एक कुत्रा आला. मग तोच कुत्रा भुंकला.
सोपं आहे, म्हणतात.
शेजारची पोलिश दानुता माझ्याकडे बघते,
तिच्याही भाषेत ही भानगड नाही.

जन्मभर मी मीठ आणलं, दार लावलं,
कुठलं दार, कुणी विचारलं नाही.
चमचा तो, वाटी ती, ताट ते,
एवढं झोपेतही चुकले नाही.
इथे वाटीला बाईपण नाही,
पण तिची नि आपली आधी भेट झालीय का
हे दर वेळी सांगायचं.

बसवाल्याला म्हटलं, टू द हॉस्पिटल, प्लीज,
जीभ दातांत धरून, शिकवलं तसं.
'टू ट् ऑस्पिटल, लव्ह?'
अख्खा द गिळला त्यानं चहाच्या घोटासारखा.
इथंच जन्मलेला माणूस, त्याला परवडतं.

गृहपाठात गाळलेली जागा होती:
माझा नवरा — हॉस्पिटलमध्ये आहे.
मी द भरला. त्याखाली लाल रेघ.
भेटायला जाल तेव्हा द, त्या म्हणाल्या.
जो आत पडून आहे त्याला काही लागत नाही.
मग चष्मा काढून विचारलं,
खरंच आहेत का?
सतरा दिवस, मी म्हटलं. हे इन हॉस्पिटल.
घाईत मराठीच आलं तोंडात.
'ही इज,' त्यांनी हळूच दुरुस्त केलं.

आता यांना कसं सांगू,
एकोणचाळीस वर्षं मी नाव न घेता 'हे' म्हणतेय,
कोण हे, असं घरात कुणाला पडलं नाही.
आणि ही म्हणजे तर मी.
ह्यांच्या तोंडी.

संध्याकाळी वॉर्डात नर्स दारातच भेटली.
आज बोलले, म्हणाली, पहिल्यांदाच.
दुपारभर एकच शब्द, दाराकडे बघत,
ही. ही.
कुणी भाऊ आहे का? मुलगा?
आम्ही फाईल दोनदा चाळली.

मी कोट काढला,
खुर्ची पलंगाजवळ ओढली.